बेने इस्रायलींचे इस्रायलमधील सांस्कृतिक समायोजन

बेने इस्रायल हा कोकण किनाऱ्यावर अनेक शतके वास्तव्य केलेला मराठीभाषक ज्यू समाज आहे. इ.स. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने तेथे स्थायिक झाली. नव्या देशातील भाषा, अन्न, हवामान, कामधंदा, घराची रचना आणि धार्मिक व्यवस्था यांच्याशी जुळवून घेण्याची त्यांची प्रक्रिया सुमारे दोन पिढ्या चालली. धर्माच्या नात्याने हे स्थलांतर ‘स्वदेशी परतणे’ मानले गेले होते. दैनंदिन व्यवहारात मात्र हा देश त्यांना परका वाटला. त्यामुळे स्थलांतरितांच्या सांस्कृतिक समायोजनाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण ठरते. या समायोजनात नवागतांच्या प्रयत्नांइतकाच यजमान समाजाच्या वागणुकीचाही वाटा असल्याचे या उदाहरणातून दिसते.

## पार्श्वभूमी

समाजाच्या परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटल्यामुळे किनाऱ्याला लागले आणि त्यांपैकी सात जोडपी वाचली. पुढे हा समाज आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत विखुरला. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांच्या नावांवरून त्यांची आडनावे पडली. उदा. पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहिमकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर. व्यक्तिनामांनाही मराठी वळण मिळाले. अब्राहमचे अबाजी आणि एलियाचे एलोजी झाले.

अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईस आली. इ.स. १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुढील काळात सैन्य, रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या, शाळा व रुग्णालये येथे समाजातील स्त्री-पुरुष नोकऱ्या करू लागले. घरात मराठी आणि कामावर इंग्रजी असा भाषिक व्यवहार रुळला. हिब्रू ही प्रार्थनेपुरती मर्यादित होती. वल्हांडण सणाच्या विधीचा ‘हगादा’ हा ग्रंथ इ.स. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. बायबलमधील कथा कीर्तनाच्या पद्धतीने मराठीत गाण्याची प्रथाही एकोणिसाव्या शतकात रूढ झाली.

भारतात या समाजाला ज्यू म्हणून छळ सोसावा लागला नाही. म्हणून त्यांचे स्थलांतर हे जीव वाचविण्यासाठी केलेले पलायन नव्हते. धार्मिक ओढ, फाळणीनंतरची अनिश्चितता, ब्रिटिश राजवट संपल्यावर सरकारी नोकऱ्यांविषयी वाटणारी काळजी आणि नातेवाइकांचे अनुकरण ही स्थलांतराची मुख्य कारणे मानली जातात.

## स्थलांतर

इ.स. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलींची संख्या सुमारे २०,००० होती. इ.स. १९५० मध्ये इस्रायलने ‘परतीचा कायदा’ संमत करून जगातील प्रत्येक ज्यू व्यक्तीस त्या देशात येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. १९४८ ते १९५२ या काळात सुमारे २,३०० बेने इस्रायली तेथे गेले. पुढील दोन दशकांत हा ओघ वाढत गेला. कोचीन येथील मल्याळमभाषक ज्यूंपैकी बऱ्याच जणांना नेवातिमसारख्या ‘मोशाव’ म्हणजे सहकारी शेतीच्या गावांत वसविण्यात आले. बेने इस्रायली मात्र प्रामुख्याने बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामले आणि किर्यत गात अशा शहरांत व नव्याने उभारलेल्या वसाहतींत गेले. यांपैकी बीरशेबा, दिमोना व येरुहाम ही गावे नेगेव वाळवंटाच्या प्रदेशात आहेत.

## प्रारंभीची वर्षे

### निवास व हवामान

१९५० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलची लोकसंख्या काही वर्षांतच दुपटीहून अधिक झाली होती. नवागतांना ‘मआबारा’ नावाच्या संक्रमण छावण्यांत, तंबूंत किंवा पत्र्याच्या खोपट्यांत राहावे लागे. मुंबईच्या चाळीत किंवा कोकणातील वाडीत राहिलेल्यांना कोरडी हवा, धुळीची वादळे आणि हिवाळ्यातील रात्रीची थंडी नवी होती. चाळीत सख्खे-चुलत नातेवाईक हाकेच्या अंतरावर असत. येथे एकाच कुळातील कुटुंबे निरनिराळ्या गावांत विखुरली गेली. मूल सांभाळणे, आजारपणात मदत करणे, लग्न जुळविणे यांसाठी असलेली घरगुती व्यवस्था त्यामुळे विस्कळीत झाली.

### अन्न

इ.स. १९४९ पासून इस्रायलमध्ये शिधावाटप लागू होते. तांदूळ दुर्मीळ होता. ओला नारळ, कोकम, कढीपत्ता आणि कोकणी मसाल्याचे पदार्थ मिळत नसत. तांदळाची उणीव भरून काढण्यासाठी त्या काळात गव्हाच्या पिठापासून तांदळाच्या आकाराचे ‘प्तितिम’ नावाचे दाणे तयार करण्यात आले. भात व मासळी हे रोजचे जेवण असलेल्या समाजाला पाव, ऑलिव्ह आणि चीज यांवर दिवस काढणे जड गेले.

अन्नविषयक धर्मनियम मात्र परके नव्हते. मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा नियम हा समाज भारतातही पाळत असे. त्यासाठी मटणाच्या रश्शात आणि गोडधोडातही नारळाचे दूध वापरण्याची पद्धत होती. त्यामुळे नारळ न मिळणे हा केवळ चवीचा प्रश्न नव्हता. सणावारचे अनेक पदार्थच त्यामुळे अडत.

### भाषा

प्रौढांना हिब्रू शिकविण्यासाठी ‘उल्पान’ नावाचे वर्ग चालविले जात. ज्येष्ठांना प्रार्थनेतील हिब्रू पाठ असे, पण बाजारात, दवाखान्यात किंवा कचेरीत लागणारी बोलभाषा ती नव्हती. मुंबईत प्रतिष्ठा देणारे इंग्रजी येथे सर्वत्र उपयोगी पडत नसे. मुले शाळेत लवकर हिब्रू शिकत आणि आईवडिलांचे अर्ज भरणे, सूचना वाचून दाखविणे ही कामे त्यांच्याकडे येत. घरातील वडीलधाऱ्यांनी लहानांवर अवलंबून राहावे, हा बदल अनेक कुटुंबांना भाषेच्या अडचणीहून अधिक बोचला.

### रोजगार

मुंबईत कारकून, शिक्षक किंवा रेल्वे कर्मचारी असलेल्या अनेकांना प्रारंभी रस्तेबांधणी, इमारतकाम, वृक्षारोपण अशा अंगमेहनतीच्या रोजंदारीवर काम करावे लागले. श्रमाला राष्ट्रबांधणीचे मूल्य देणे ही तेथील अधिकृत विचारसरणी होती. कचेरीतील नोकरी ही प्रतिष्ठेची खूण मानणाऱ्या भारतीय मध्यमवर्गीयास मात्र ती पदावनती वाटे. पुढे दिमोना येथील कापडगिरण्या, मृत समुद्रावरील रासायनिक उद्योग, लोद येथील विमानतळ व विमान उद्योग, तसेच रुग्णालये येथे समाजाला स्थिर रोजगार मिळाला.

## भारतात परतण्याची मागणी

इ.स. १९५१ च्या अखेरीस बीरशेबा व इतर ठिकाणच्या काही कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यूइश एजन्सी या स्थलांतर हाताळणाऱ्या संस्थेसमोर ठिय्या आंदोलन केले. कातडीच्या रंगावरून भेदभाव होतो, चांगली कामे मिळत नाहीत आणि आपल्या वाट्याला काळा पाव येतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्याला भारतात परत पाठवावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. काळ्या पावाची तक्रार पुढील काळात या असंतोषाचे प्रतीक बनली. जाडसर गव्हाचा तो पाव टंचाईच्या काळात सर्वत्र खाल्ला जाई. परंतु तो आपल्यालाच दिला जातो, या भावनेमुळे त्याला अपमानाचा अर्थ आला.

ठिय्या आणि उपोषणे यांच्या मालिकेनंतर १९५२ ते १९५४ या काळात एकूण ३३७ व्यक्तींना कुटुंबांसह भारतात परत पाठविण्यात आले. त्यांपैकी बहुतेक जण काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. या दुहेरी प्रवासाची कारणे एकेरी नाहीत. भारतात परतलेल्यांची घरे व नोकऱ्या सुटलेल्या होत्या, तर त्यांचे अनेक आप्त इस्रायलमध्येच राहिले होते.

## विवाहाच्या मान्यतेचा वाद

इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. ज्यू नागरिकांचे विवाह मुख्य धर्मपीठाच्या अधिकाराखाली नोंदविले जातात. १९६० च्या सुमारास काही राब्बींनी बेने इस्रायली व्यक्ती आणि इतर ज्यू यांचे विवाह लावण्यास नकार दिला. हा समाज अनेक शतके इतर ज्यूंपासून दूर राहिल्याने विवाहविच्छेद आणि विधवेचा दिराशी विवाह यांविषयीचे धर्मनियम त्याने यथाविधी पाळले नसावेत, असा त्यांचा आक्षेप होता. तसे असल्यास पुढील संततीच्या वैधतेविषयी शंका उत्पन्न होते, असे मानले जाई.

ऑक्टोबर १९६१ मध्ये धर्मपीठाच्या परिषदेने अशा विवाहांस मनाई करण्यास आधार नसल्याचे जाहीर केले. तथापि १९६२ मध्ये मुख्य राब्बी यित्झाक निसिम यांच्या कारकिर्दीत निघालेल्या सूचनांनुसार बेने इस्रायली अर्जदाराच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करणे बंधनकारक झाले. इतर कोणत्याही ज्यू समाजाचा असा नावाने उल्लेख सूचनांत नव्हता. ज्या ओळखीच्या आधारावर समाजाने देश सोडला होता, तीच ओळख आता सिद्ध करण्याची पाळी आली.

याविरुद्ध समाजाने संघटित लढा उभारला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेम येथे निदर्शने झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने या प्रश्नात लक्ष घातले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, विशेष चर्चा होऊन बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे घोषित करण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतील समाजाचा नामोल्लेख काढून टाकला आणि त्याजागी ज्याच्या कौटुंबिक स्थितीविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, या अर्थाचे शब्द घातले.

या लढ्याचा समायोजनावर दुहेरी परिणाम झाला. एकीकडे यजमान समाजाविषयी कटुता निर्माण झाली. दुसरीकडे सभा, निवेदने, निदर्शने आणि संसदीय दबाव या मार्गांचा वापर करताना समाज त्या देशाच्या सार्वजनिक जीवनाचा सक्रिय घटक बनला. भारतात या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा अंतर्गत भेद पाळला जात असे व त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. नव्या देशात ‘भारतीय’ ही एकच ओळख पुढे आल्याने तो भेदही क्षीण झाला.

## दैनंदिन जीवनातील बदल

### आठवडा व सण

मुंबईत नोकरी करणाऱ्यांना शनिवारी कामावर जावे लागे आणि शब्बाथ पाळणे कठीण पडे. इस्रायलमध्ये शनिवार हाच साप्ताहिक सुट्टीचा दिवस असून कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्यामुळे धर्माचरण आणि नोकरी यांतील जुना संघर्ष संपला.

कोकणात समाजाने सणांना मराठी नावे दिली होती. ज्यू नववर्षास ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘दरफळणीचा सण’ आणि पुरिमला ‘होळीचा सण’ म्हणत. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई. इस्रायलमध्ये हेच सण सार्वजनिक दिनदर्शिकेचा भाग असल्याने त्यांची हिब्रू नावे रूढ झाली आणि मराठी नावे ज्येष्ठांच्या बोलण्यापुरती उरली. पदार्थ मात्र टिकले. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करण्याची पद्धत चालू राहिली. भारतात द्राक्षमद्य सहज मिळत नसल्याने आशीर्वचनासाठी मनुकांचे सरबत वापरीत. द्राक्षमद्य मुबलक असलेल्या देशातही अनेक घरांत ही प्रथा पाळली जाते.

### मलिदा

प्रेषित एलिया, म्हणजे ‘एलियाहू हन्नावी’, यांच्या नावाने केला जाणारा ‘मलिदा’ हा समाजाचा वैशिष्ट्यपूर्ण विधी आहे. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेले खोबरे, सुकामेवा आणि फळे एका ताटात मांडून प्रार्थना म्हटल्या जातात. लग्न, गृहप्रवेश, नवसपूर्ती, संकटातून सुटका अशा प्रसंगी हा विधी होतो. कोकणात अलिबागजवळील खंडाळे येथील खडक एलिया यांच्या आगमनाचे स्थान मानला जातो. इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावर हैफा येथील कार्मेल पर्वतावरच्या एलियाच्या गुहेस भेट देण्याची प्रथा समाजाने स्वीकारली. कोकणातील स्थानाशी निगडित भक्ती अशा रीतीने नव्या देशातील स्थानाशी जोडली गेली.

### विवाह व वेशभूषा

लग्नाच्या आदल्या रात्रीचा मेहंदीचा कार्यक्रम इस्रायलमध्येही टिकून राहिला. येमेन आणि मोरोक्को येथून आलेल्या ज्यूंमध्येही मेहंदीचा विधी असल्याने ही प्रथा शेजाऱ्यांना अनोळखी वाटली नाही. साडी रोजच्या वापरातून हळूहळू गेली. समारंभात मात्र ती आवर्जून नेसली जाते. मंगळसूत्र व हिरव्या बांगड्या यांचेही असेच झाले. आडनावांच्या बाबतीत काहींनी हिब्रू नावे घेतली, तर अनेकांनी ‘कर’ हा प्रत्यय कायम ठेवला. इस्रायलच्या दूरध्वनी सूचीत किंवा दुकानाच्या पाटीवर असे आडनाव दिसल्यास ते कुटुंब कोकणातून आल्याचे ओळखता येते.

### लष्करी सेवा व खेळ

इस्रायलमध्ये मुलगे व मुली दोघांनाही लष्करी सेवा सक्तीची आहे. दुसऱ्या पिढीतील तरुणांच्या बाबतीत हिब्रूवर प्रभुत्व, इतर ज्यू समाजांशी मैत्री आणि पुढे आंतरसमाजीय विवाह यांना या सेवेमुळे चालना मिळाली. याउलट क्रिकेट हा भारतातून आणलेला खेळ प्रामुख्याने भारतीय वंशाच्या लोकांनी जोपासला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे त्यांचे संघ आहेत. इस्रायलने १९७९ च्या आयसीसी चषक स्पर्धेत भाग घेतला होता.

## मराठीचे स्थान

पहिल्या पिढीत मराठी ही घरची भाषा राहिली. दुसऱ्या पिढीस ती समजे, पण ती उत्तर हिब्रूत देई. तिसऱ्या पिढीत मराठी बहुतांशी नातेवाचक शब्द, पदार्थांची नावे आणि गाणी यांपुरती उरली. मुलांनी लवकर मिसळावे म्हणून अनेक पालकांनीही घरात हिब्रूचाच आग्रह धरला होता. भाषा मागे पडत असल्याची जाणीव पुढे वाढली आणि ती जपण्याचे प्रयत्न सुरू झाले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून प्रकाशित झाले. मराठी कीर्तने, नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम समाजाच्या संस्था करीत आल्या आहेत.

## भारताशी संपर्क

भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली; तथापि पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. मधल्या चार दशकांत प्रवास खर्चिक व अडचणीचा होता आणि पत्रे हाच संपर्काचा मुख्य आधार होता. १९९२ नंतर जाणे-येणे सुलभ झाले. इस्रायलमध्ये वाढलेली मुले आजी-आजोबांची गावे, अलिबाग व मुंबईतील सिनेगॉग आणि कोकणातील दफनभूमी पाहण्यासाठी येऊ लागली. मसाले, डाळी व पोहे विकणारी भारतीय दुकानेही समाजाची वस्ती असलेल्या इस्रायली गावांत स्थिरावली.

## समाजशास्त्रीय विवेचन

परक्या संस्कृतीत आल्यावर होणाऱ्या गोंधळास ‘सांस्कृतिक धक्का’ ही संज्ञा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात प्रचारात आणली. त्यांच्या मांडणीत प्रारंभीचा उत्साह, त्यानंतरचे वैफल्य, हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे असे टप्पे आहेत. बेने इस्रायलींच्या बाबतीत पहिला टप्पा अनेकांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. छावणीतील पहिले दिवसच सर्वांत कठीण ठरले. तसेच सावरण्याची प्रक्रियाही सरळ चढती नव्हती. घर व काम मिळून जीवन स्थिर होत असतानाच विवाहाचा वाद उद्भवला आणि परकेपणाची भावना पुन्हा तीव्र झाली.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या वर्तनाचे चार प्रकार मांडले आहेत. मूळ संस्कृती सोडून नवी स्वीकारणे म्हणजे विलीनीकरण, मूळ जपून नवीपासून दूर राहणे म्हणजे अलिप्तता, दोन्हींशी नाते राखणे म्हणजे एकात्मीकरण आणि दोन्हींपासून तुटणे म्हणजे परिघीकरण. इस्रायलचे आरंभीचे धोरण विलीनीकरणाकडे झुकलेले होते. निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्यूंचे एकाच राष्ट्रीय संस्कृतीत मिश्रण व्हावे, यासाठी ‘मिझुग गालुयोत’ ही घोषणा वापरली जाई. या समाजाने भाषेच्या बाबतीत विलीनीकरण स्वीकारले, तर विधी, अन्न व कौटुंबिक समारंभ यांत मूळ संस्कृती राखली. एकाच समाजात जीवनाच्या निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळे मार्ग अवलंबिले जातात, हे यावरून स्पष्ट होते.

यजमान समाजाची भूमिका हा या उदाहरणातील निर्णायक घटक आहे. १९५१-५२ मधील आंदोलकांची मुख्य गाऱ्हाणी काम, अन्न आणि वागणूक यांविषयी होती. १९६४ मधील वाद समाजाच्या आचारात काही बदल झाल्यामुळे मिटला नाही, तर राज्यसंस्थेची व धर्मपीठाची भूमिका बदलल्यामुळे मिटला.

## सद्यस्थिती

भारतात आता या समाजाचे काही हजार लोकच उरले असून ते मुख्यतः मुंबई, ठाणे व रायगड परिसरात राहतात. इस्रायलमधील संख्या त्याच्या कित्येक पट आहे. तेथे जन्मलेल्या पिढ्यांची प्रथम भाषा हिब्रू आहे आणि इतर ज्यू समाजांशी त्यांचे विवाह सर्रास होतात. मलिदा, मेहंदी, कोकणी जेवण आणि गावांची आठवण सांगणारी आडनावे ही त्यांच्या मराठी वारशाची मुख्य चिन्हे राहिली आहेत.